आफ्रिकेच्या रुग्णालयात सेवेला जाण्याआधी

नाशिकच्या म्हसरूळमध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाकडे राज्यातलं एमबीबीएस, आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओथेरपी असं बहुतेक शिक्षण जोडलेलं आहे. याच शहरातले अस्थिशल्यचिकित्सक डॉ. भरत केळकर यांनी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ म्हणजे एमएसएफ या संघटनेबरोबर युद्धग्रस्त देशांत शस्त्रक्रिया केल्या आहेत. नव्याने डॉक्टर झालेल्या मुलामुलींच्या तोंडून ‘एकदा तरी आफ्रिकेत जाऊन सेवा करायची आहे’ हे वाक्य इथे अधूनमधून कानावर येतं. ही इच्छा मला फार मोलाची वाटते. म्हणूनच तिच्याबरोबर मनात शिरणाऱ्या चुकीच्या कल्पना वेळीच दूर व्हायला हव्यात. त्या कल्पनांची किंमत शेवटी तिथल्या रुग्णाला मोजावी लागते.

गैरसमज : तिथे डॉक्टर-नर्स नाहीत, म्हणून आपण जायचं.

तुटवडा खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली आरोग्य कर्मचाऱ्यांची गंभीर कमतरता असलेल्या ५५ देशांची यादी काढली, त्यातले ३७ देश संघटनेच्या आफ्रिका विभागातले होते. पण ही अर्धी बाजू झाली. घाना, केनिया, मलावी अशा देशांत प्रशिक्षण पूर्ण केलेले नर्स आणि डॉक्टर नेमणुकीची वाट पाहत घरी बसलेले असतात. वॉर्डात माणूस कमी आणि गावात प्रशिक्षित माणूस बेकार, हे एकाच वेळी घडतं, कारण पगार द्यायला सरकारकडे पैसा नाही. झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये आणि घानाने डिसेंबर २०२२ मध्ये परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. २००१ साली अबुजा इथे आफ्रिकी देशांच्या प्रमुखांनी अर्थसंकल्पाचा किमान १५ टक्के वाटा आरोग्यावर खर्च करायचं ठरवलं होतं, पण बहुतेकांना ते जमलेलं नाही. केनियात २०२४ च्या मार्चपासून मे महिन्यापर्यंत सरकारी डॉक्टर संपावर होते, आणि त्यांच्या मागण्यांत इंटर्न डॉक्टरांची नेमणूक आणि वेतन हा मोठा मुद्दा होता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, तेव्हा एचआयव्हीच्या दवाखान्यांत त्याच मदतीतून पगार घेणारी माणसं एका रात्रीत कामाबाहेर गेली. यातल्या अनेकांना मग ब्रिटन किंवा आखाती देशांची वाट धरावी लागते.

हे समजून घेतलं की जायचं कशासाठी, याचं उत्तर बदलतं. इंजेक्शन देणं, ड्रेसिंग करणं, रक्तदाब मोजणं ही कामं तिथली बेकार नर्स आपल्यापेक्षा चांगली करते आणि रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलते. तीच कामं परदेशी माणसाने फुकट केली, तर तिची जागा भरण्याची निकड आणखी कमी होते. गरज असते ती भूलतज्ज्ञाची, हाडांच्या किंवा भाजलेल्या रुग्णांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनची, बंद पडलेलं यंत्र दुरुस्त करणाऱ्या बायोमेडिकल इंजिनिअरची. त्यातही हवा असतो तो तिथल्या माणसाला हाताशी धरून शिकवणारा तज्ज्ञ.

शिकवायला जाणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९७५ साली मोझांबिक स्वतंत्र झाला तेव्हा तिथले बहुतेक डॉक्टर देश सोडून गेले. १९८४ पासून त्या देशाने डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना शस्त्रक्रियेचं खास प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. पुढे जिल्हा रुग्णालयांतली बहुतांश सिझेरियन हेच लोक करू लागले. मलावीतही ‘क्लिनिकल ऑफिसर’ हेच काम करतात. नाशिकहून गेलेला नवा एमबीबीएस डॉक्टर अशा माणसाच्या शेजारी उभा राहिला, तर त्या टेबलावर शिकायचं कोणी, हे सांगायची गरज नाही.

‘आफ्रिकेत’ जायचं म्हणजे नेमकं कुठे, हेही पुष्कळदा धूसर असतं. त्या खंडात ५४ देश आहेत. माणसातलं जगातलं पहिलं हृदयरोपण १९६७ च्या डिसेंबरमध्ये केपटाउनच्या ग्रूट स्खूर रुग्णालयात झालं. २०१४ साली लागोससारख्या प्रचंड शहरात इबोलाचा रुग्ण विमानाने आला. डॉ. अमेयो अदादेवो यांनी तो ओळखला, दबाव येऊनही त्याला रुग्णालयाबाहेर जाऊ दिलं नाही आणि त्यात स्वतःचा प्राण गमावला. नायजेरियाने संपर्कातला माणूस न् माणूस शोधून ती साथ २० रुग्णांवर रोखली. हे सारं नायजेरियातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी केलं होतं, आणि आपल्याकडे ते फार कमी लोकांना ठाऊक आहे.

गैरसमज : देश गरीब आहे, म्हणजे उपचार मोफतच असणार.

अनेक सरकारी रुग्णालयांत हातमोजे, टाके घालायचा दोरा, सलाइन हे सगळं नातेवाइकांनी बाहेरून आणल्याशिवाय शस्त्रक्रिया सुरू होत नाही. आपल्याकडेही ‘बाहेरून आणा’ म्हणत हातात ठेवलेली चिठ्ठी कोणाला अपरिचित नाही, पण तिथे औषधं बहुतांशी आयात होतात आणि चलन घसरलं की त्यांची किंमत रातोरात वाढते. नायजेरियाने जून २०२३ मध्ये नायराचा दर मोकळा सोडला. तेव्हा एका डॉलरला साधारण ४६० नायरा मोजावे लागत, पुढच्या वर्षी हा दर १५०० च्या वर गेला. त्याच काळात जीएसके कंपनीने तिथला कारभार गुंडाळला आणि दम्याचे पंप मध्यमवर्गालाही परवडेनासे झाले. काही देशांत बिल भरता न आलेल्या रुग्णाला, अगदी बाळंतिणीलाही, रुग्णालयातच अडकवून ठेवण्याचे प्रकार घडतात. केनियाच्या उच्च न्यायालयाने २०१५ साली अशा दोन महिलांच्या बाजूने निकाल दिला.

पाहुण्या डॉक्टरने लिहून दिलेली एक महागडी तपासणी त्या कुटुंबाला शेळी विकायला लावू शकते. म्हणून पहिले काही दिवस निदानाच्या आधी दरपत्रक शिकून घ्यावं. कोणती तपासणी कुठे होते, तिला किती पडतात, कोणतं औषध रुग्णालयाच्या फार्मसीत आहे आणि कोणतं नाही, हे वॉर्डातल्या सिस्टरला विचारावं.

गैरसमज : मन मोठं असलं की पुरे, बाकी तिथे निभावून जातं.

परदेशी डॉक्टरला त्या देशाच्या वैद्यकीय परिषदेकडे तात्पुरती नोंदणी करावी लागते. इंटर्नशिप न झालेल्या विद्यार्थ्याने जे म्हसरूळच्या नियमांत बसत नाही, ते मलावीतही करू नये. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात ज्या पेशंटला हात लावायची आपल्याला परवानगी नाही, तो पेशंट परदेशात गरीब आहे म्हणून आपल्या सरावाचा होत नाही. या मुद्द्यावर मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही.

एमएसएफ पॅरिसमध्ये १९७१ साली डॉक्टरांनी आणि पत्रकारांनी मिळून उभी केली, १९९९ साली तिला शांततेचं नोबेल मिळालं. तिथे निवड होण्यासाठी शिक्षणानंतरचा कामाचा अनुभव लागतो. पहिली नेमणूक बहुधा अनेक महिन्यांची असते. सर्जन, भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ यांना मात्र काही आठवड्यांसाठीही बोलावतात. दरमहा मानधन मिळतं, प्रवासाचा खर्च संघटना करते. तिच्या प्रकल्पांवरचे बहुसंख्य कर्मचारी त्या त्या देशातलेच असतात. शिवाय हिशेब पाहणारे, पाणीपुरवठा सांभाळणारे, गोदाम आणि गाड्यांची व्यवस्था लावणारे लोकही तिला लागतात, त्यामुळे डॉक्टर नसलेल्यालाही तिथे खरं काम आहे. दुसरी वाट रोटरीची. रोटरीचे माजी आंतरराष्ट्रीय अध्यक्ष राजेंद्र साबू यांनी १९९८ साली युगांडात भारतीय डॉक्टरांचं पथक नेलं आणि पुढे अशा मोहिमांची मालिका झाली. अशा छोट्या मोहिमेत नाव देताना एकच प्रश्न आधी विचारावा : आपण परतल्यावर टाके कोण काढणार, जंतुसंसर्ग झाला तर रुग्ण कोणाकडे जाणार?

भाषेबद्दल बोलायचं तर सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव घ्यावं लागेल. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक. बाकीचे परतले, कोटणीस राहिले, चिनी बोलायला-लिहायला शिकले आणि १९४२ साली तिथेच वारले. स्वाहिली शिकायला कोणाला इतकी वर्षं लागत नाहीत. निघण्याआधी दोन-तीन महिने दिले, तर ‘कुठे दुखतं?’ इतकं तरी स्वतः विचारता येतं.

गैरसमज : जाताना औषधं आणि जुनी यंत्रं घेऊन जावीत, काहीही उपयोगी पडेल.

दान म्हणून पाठवलेल्या औषधाची मुदत पोहोचताना निदान एक वर्ष शिल्लक हवी आणि ते औषध त्या देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत बसायला हवं, असं जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. यंत्रांचं तर विचारू नका. गरीब देशांतल्या रुग्णालयांची पाहणी करणाऱ्या एका अभ्यासात सुमारे ४० टक्के उपकरणं बंद पडलेली आढळली. सुटा भाग मिळत नाही, विजेचा दाब खाली-वर होतो, दुरुस्ती करणारा नाही.

सर्पदंशाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्यात काम केलेल्या प्रत्येक डॉक्टरला ती लागू पडते. आपलं एएसव्ही म्हणजे सर्पविषावरचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषापासून बनतं. पश्चिम आफ्रिकेतही फुरशाचाच एक भाऊबंद आहे आणि तिथले पुष्कळ मृत्यू त्याच्या दंशाने होतात. दिसायला सारखा, पण विष वेगळं. ग्रामीण घानामध्ये २००४ च्या सुमारास नेहमीच्या औषधाऐवजी भारतीय सापांच्या विषावर आधारलेलं स्वस्त एएसव्ही वापरात आलं आणि दंश झालेल्यांतलं मृत्यूचं प्रमाण १.८ टक्क्यांवरून १२.१ टक्क्यांवर गेलं. पुढे फ्रान्सच्या सनोफी कंपनीने आफ्रिकेतल्या सापांवरचं ‘फाव-आफ्रिक’ हे औषध परवडत नाही म्हणून २०१४ मध्ये बनवणं थांबवलं, त्याचा शेवटचा साठा २०१६ मध्ये मुदतबाह्य झाला. नाशिकहून चांगल्या मनाने बॅगेत भरलेल्या एएसव्हीच्या कुप्या तिथे एखाद्याचा जीव घेऊ शकतात. सुरगाण्यातला अनुभव मात्र तिथे कामी येतो : दंश झालेल्या जागी चीर देऊ न देणं, रक्त गोठतं की नाही हे साध्या काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवून पाहणं, श्वास मंदावला तर काय करायचं हे ओळखणं.

स्वतःसाठी घ्यायच्या पीतज्वराच्या लसीबाबतही गोंधळ असतो. ती सगळ्या आफ्रिकी देशांसाठी लागत नाही. पण पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून प्रमाणपत्राविना परतलं, तर भारतात विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. हिवतापाच्या गोळ्या वेगळ्या, त्या डॉक्टरला विचारून घ्याव्यात.

तिथून शिकून यायलाही पुष्कळ आहे. जगात सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घेऊन जन्मणाऱ्या बाळांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत जन्मतात. तोच आजार आपल्या नंदुरबार, नाशिक, गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यांवर आहे. भारताने सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू केलं. घानातल्या कुमासीमध्ये डॉ. क्वाकू ओहेने-फ्रेम्पाँग यांनी नवजात बाळांची सिकल सेल तपासणी १९९५ सालीच सुरू केली होती. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबाची तपासणी, बाधित बाळाचं घर शोधून आईला बोलावणं, मग लस आणि पेनिसिलिन, हे सगळं काम त्यांनी तुटपुंज्या साधनांत बसवलं. सुरगाण्याच्या किंवा कळवणच्या डॉक्टरला आफ्रिकेत जायचं असेल, तर कुमासीला जावं आणि ते काम कसं चालतं हे पाहून यावं.