अग्निबाणाचा परतीचा प्रवास

दिवाळीत उडविलेला बाण आकाशात जाऊन फुटतो. त्याची काडी कोणाच्या कौलांवर पडली की शेतात, याची चौकशी कोणी करीत नाही. अमेरिकेतील मुले हौसेने जे छोटे अग्निबाण उडवितात, त्यांची गोष्ट निराळी आहे. जाड कागदाची नळी, हलक्या लाकडाचे पंख आणि पुढे निमुळता अग्रशंकू, असे त्यांचे रूप असते. असा अग्निबाण सुखरूप खाली आला, तर नवे इंजिन बसवून तो पुन्हा उडविता येतो. हे सुखरूप येणे पुष्कळसे एका साध्या दोरीवर अवलंबून असते.

ह्या छंदाचा उगम १९५४ सालचा. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल हे पादत्राणांचे दुकान चालवीत. शोभेच्या दारूकामाचाही त्यांना नाद होता. त्यांनी आपल्या भावाच्या साहाय्याने एक अग्निबाण तयार केला व त्याचे नाव 'रॉक-अ-शूट' असे ठेवले. रॉकेट व पॅराशूट हे दोन्ही शब्द त्या नावात एकत्र आले आहेत. म्हणजे उड्डाणाइतकाच उतरण्याचा विचार त्यात आरंभापासून होता. त्या काळी काही मुले घरीच दारू ठासून अग्निबाण बनवीत आणि गंभीर जखमी होत. १९५७ साली कार्लाइल यांनी आपले नमुने जी. हॅरी स्टाइन यांच्याकडे पाठविले. स्टाइन हे व्हाइट सँड्स येथील अग्निबाण-तळावर काम करीत असत. कारखान्यात तयार झालेले इंजिन वापरावे, दारूला मुलांनी हात लावू नये, ही शिस्त ह्या छंदाला तेव्हापासून लागली.

इंजिनातील दारू एक-दोन सेकंदांतच जळून संपते. मग अग्निबाण मिळालेल्या वेगाने वर चढत असता आत एक मंद जळणारे मिश्रण धुमसत राहते. इंजिनावर 'सी ६-५' असे लिहिले असेल, तर शेवटचा आकडा ह्या विलंबाची ५ सेकंदे दाखवितो. विलंब संपताच थोडीशी दारू नळीच्या आत उडते आणि तिचा वायू अग्रशंकूला व घडी केलेल्या पॅराशूटला बाहेर ढकलतो. हे घडले नाही, तर काय होईल? वर जाताना ज्या पंखांनी अग्निबाण सरळ ठेवला, तेच पंख त्याला खाली येतानाही सरळ ठेवतात. तो तीरासारखा नाकावर कोसळतो, आणि खाली कोणी उभे असेल तर जबर इजा होते.

अग्रशंकू आणि नळी यांना जोडून ठेवणारी दोरी ती हीच. इंग्रजीत तिला शॉक कॉर्ड म्हणतात. 'धक्कादोरी' हे नाव तिला शोभेल. वेगाने सुटलेला अग्रशंकू दोरी संपताच हिसका देतो. वेगाने आलेला चेंडू झेलताना खेळाडू हात मागे घेतो, त्यामुळे चेंडू थोड्या अधिक अंतरात थांबतो व हाताला कमी लागतो. दोरीचेही तसेच आहे. म्हणून ती नळीच्या निदान तिप्पट लांब असावी, असे अनुभवी लोक सांगतात. येथे काटकसर करणे व्यर्थ होय.

दोरी रबराची असावी की न ताणणाऱ्या धाग्याची? रबरी पट्टी ताणली जाते व हिसका सोसते. परंतु तप्त वायूने ती करपते, आणि कालांतराने तिला चिरा पडतात. ती आखूड असली, तर अग्रशंकू उलट येऊन नळीच्या काठावर आदळतो व काठाला खोच पडते. केव्हलार हा धागा स्टेफनी क्वोलेक या विदुषीने १९६५ साली ड्यू पाँट कंपनीत केलेल्या संशोधनातून जन्माला आला. बंदुकीच्या गोळीपासून रक्षण करणाऱ्या अंगरख्यांत तो वापरतात. उष्णतेला तो दाद देत नाही. परंतु तो ताणला जात नाही. त्याची बारीक दोरी नळीच्या काठावर घासली, तर पिशवीची चेन उघडावी तशी ती नळी उभी चिरते. यावर तोड म्हणजे दोघांची सांगड. इंजिनाजवळ, जेथे आच अधिक, तेथे केव्हलार बांधावा. तो नळीच्या काठाच्या आतच संपवावा. आणि पुढे इलॅस्टिक जोडावे.

पॅराशूटला आच लागू नये म्हणून त्याच्या खाली अग्निरोधक कागदाचे बोळे घालतात. रद्दी कागद येथे चालत नाही. तो पेटता बाहेर पडतो, आणि खाली वाळलेले गवत असते.

पॅराशूट केवढे घ्यावे, हाही प्रश्न आहेच. व्यास दुप्पट केला, तर क्षेत्रफळ चौपट होते आणि उतरण्याचा वेग सुमारे निम्मा होतो. मात्र फार सावकाश उतरणारा अग्निबाण वाऱ्याबरोबर दूर वाहत जाऊन झाडावर अडकतो. वारा असेल त्या दिवशी मधोमध भोक पाडलेले लहान पॅराशूट बरे. अगदी हलक्या अग्निबाणाला तर लांब फीतही पुरते.

उड्डाणापूर्वीची परीक्षा सोपी आहे. एका हाताने नळी धरावी, दुसऱ्या हाताने दोरीला चांगला हिसका द्यावा. करपलेला भाग हाताला लागला, किंवा नळीच्या आत डकविलेली गाठ किंचितही हलली, तर दोरी बदलल्यावाचून तो अग्निबाण उडवीत नाहीत.