कार्बन वाढला, म्हणून साग वाढेल?

औंढा नागनाथच्या एका वाचकाने विचारलं आहे : हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला तर झाडांची चंगळच होईल, मग हिंगोलीच्या जंगलाची काळजी कशाला?

प्रश्न रास्त आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे 280 भाग होते, आज 420 हून अधिक आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या एन. एच. रवींद्रनाथ आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये देशातल्या सागाचं भवितव्य संगणकावर मांडलं, तेव्हा लाकूड वाढेल असंच उत्तर आलं. मात्र सागाच्या सुमारे 30 टक्के क्षेत्रातलं हवामान पुढे त्याला मानवणार नाही, हेही त्याच अभ्यासात आहे. ते सहसा सांगितलं जात नाही.

हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी-सेनगावच्या मुरमाड उतारांवर खरी अडचण पाण्याची आहे. हवा तापली की पानांतलं पाणी भराभर उडतं. मुळाशी ओल नसेल तर झाड पर्णरंध्रं मिटून घेतं आणि कार्बनचीही वाट बंद होते. दावणीत कडबा रचला पण हौद कोरडा ठेवला, तर बैल किती खाईल? कार्बन मुबलक असला की रंध्रं थोडी उघडूनही भागतं, पाणी वाचतं, हे खरं. पण वाचवायला आधी ते हवं.

यावर खुद्द सागाचीच साक्ष काढता येते, आणि मला हे संशोधन फार प्रिय आहे. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक झाडांत वर्षावर्षाची वलयं स्पष्ट उमटत नाहीत. साग उन्हाळ्यात पानं गाळून थांबतो, पावसाबरोबर पुन्हा वाढू लागतो, म्हणून त्याच्यात उमटतात. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगावकर यांनी 1983 मध्येच ठाण्याच्या सागाची वलयं अभ्यासली. पुढे बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी केरळातल्या सागावरून 1481 ते 2003 अशी 523 वर्षांची नोंद उभी केली. एल निन्योच्या, अवर्षणाच्या वर्षांत वलय बारीक! ही नावं शाळेच्या पुस्तकांत असायला हवीत.

मग जंगलासाठी करायचं काय? 2019 मध्ये महाराष्ट्राने 33 कोटी रोपं लावायचं लक्ष्य ठेवलं होतं. पण रोपांच्या आकड्याने जंगल मोजू नये. हिंगोलीत आधी ओल मुरवली पाहिजे : सलग समतल चर, दगडी बांध. मग वेळेवर विरळणी, म्हणजे आहे त्या ओलीत वाटेकरी कमी. नुसता साग न लावता धावडा, मोईन, सलई राखावेत; उन्हाळ्याआधी जाळरेषा काढाव्यात.

आणि वनविभागाला एक विनंती : पडलेल्या किंवा तोडलेल्या जुन्या सागाच्या खोडाची एक चकती जपून ठेवा. 1972 च्या दुष्काळात हिंगोलीचा साग किती वाढला, हे त्यावरून मोजता येईल.