संगणकाच्या वहीतही रविवार लाल हवा



गोष्ट २०२४ सालच्या मार्च महिन्यातली. आमच्या आबांनी हरभरा घातला आणि शुक्रवारी, २२ तारखेला संध्याकाळी व्यापाऱ्याचा चेक हाती पडला. पीककर्ज भरायची मुदत ३१ मार्च. आबा म्हणाले, "नऊ दिवस आहेत हातात, घाई कसली?"

शनिवारी सकाळी ते बँकेत गेले तर दाराला कुलूप. चौथा शनिवार! २४ला रविवार, २५ला धुळवड. मंगळवारी चेक भरला, तो वटून गुरुवारी संध्याकाळी पैसे खात्यावर आले. शुक्रवारी २९ला गुड फ्रायडे, पुन्हा सुटी. आबांनी कपाळाला हात लावला. "उद्या शनिवार, परवा रविवार. मुदत गेलीच म्हणा की!"

तेवढ्यात चुलीपुढून सूनबाई म्हणाली, "आबा, थांबा. दोन, नऊ, सोळा, तेवीस आणि तीस. उद्याचा शनिवार पाचवा आहे. बँक उघडी असणार." आबा पहिल्या एसटीने गेले आणि पावती घेऊनच परतले.

हिशेब करून पाहा. २३ ते ३१ मार्च या नऊ दिवसांत बँकेचे दार आपल्यासाठी चारच दिवस उघडे होते. सरकारी भरण्यासाठी काही शाखा ३१ला चालू ठेवल्या होत्या. पण आपले काम तिथे होईलच असे नव्हते. आणि १ एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी बँका लोकांना बंदच होत्या.

चुकले तर काय जाते?

३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला २०२५-२६ साली ७ टक्के व्याज होते. वेळेवर फेडणाऱ्याला केंद्राकडून आणखी ३ टक्क्यांची सूट, म्हणजे व्याज पडले ४ टक्के. एक लाखाच्या कर्जावर वर्षाला हे ३,००० रुपये झाले. राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचीही मुख्य अट मुदतीत परतफेड हीच आहे. एका विसरलेल्या शनिवारापायी एवढी रक्कम घालवणे कोणत्याही घराला परवडणारे नाही.

दुसरी गोष्ट ट्रॅक्टरच्या किंवा मोटारसायकलच्या हप्त्याची. खात्यातून आपोआप कापून जाणारे हप्ते १ ऑगस्ट २०२१ पासून सुटीच्या दिवशीही कापले जातात. म्हणजे हप्ता रविवारी कापला जाईल, पण रोकड भरायला खिडकी मात्र बंद! पैसे शुक्रवारीच खात्यावर हवेत, नाहीतर हप्ता परत जातो आणि वर दंड बसतो.

सुटी कोणाची, कधीपासूनची?

शेतीला रविवार माहीत नाही. गाय रविवारी दूध चोरत नाही आणि पाण्याची पाळी सुटी पाहून येत नाही. काही गावांत सोमवारी औत जुंपत नाहीत, पोळ्याला किंवा बेंदराला बैलाच्या खांद्याला विसावा मिळतो. आपला सुटीचा हिशेब तेवढाच. रविवारची सुटी गिरणीकडून आली. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती १८९० साली सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मिळाली. बँकांचा दुसरा आणि चौथा शनिवार तर अगदी अलीकडचा, १ सप्टेंबर २०१५ पासूनचा. सहकारी आणि ग्रामीण बँकांनाही तो लागू झाला. पहिला, तिसरा आणि पाचवा शनिवार मात्र कामाचा राहिला. गोंधळ होतो तो इथेच.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रविवार लाल असतो, म्हणून तो नजरेतून सुटत नाही. पण आता पुष्कळ घरांत दुधाचा, खताचा, मजुरीचा रोजमेळ मुलेमुली संगणकावर एक्सेलच्या शीटमध्ये ठेवतात. तिथे सगळ्या तारखा सारख्याच काळ्या. त्या वहीलाही लाल शाई देता येते. तिचे नाव 'कंडिशनल फॉरमॅटिंग', म्हणजे अट पुरी झाली तर रंग. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला पुढचा मजकूर वाचायला द्या. अर्ध्या तासाचे काम आहे.

कसे करावे?

पहिल्या रकान्यात, म्हणजे 'ए' रकान्यात, दुसऱ्या ओळीपासून तारखा घाला. पहिली तारीख लिहून घराचा कोपरा माऊसने खाली ओढला की पुढच्या तारखा आपोआप भरतात. मग तारखा असलेल्या ओळी ए२ पासून खाली आणि उजवीकडे निवडा. 'होम'मध्ये 'कंडिशनल फॉरमॅटिंग', त्यात 'न्यू रूल', आणि त्यातला फॉर्म्युला लिहिण्याचा शेवटचा पर्याय घ्या. गुगल शीट्समध्ये हेच 'फॉरमॅट' या यादीत 'कस्टम फॉर्म्युला' म्हणून सापडेल. खालची सूत्रे आम्ही देवनागरीत छापली आहेत. लिहिताना अक्षरे आणि आकडे इंग्रजी वापरावेत.

रविवारसाठी, रंग लाल:

=वीकडे($ए२,२)=७

'वीकडे' म्हणजे वार. कंसातल्या २ मुळे सोमवारचा आकडा १ होतो आणि रविवारचा ७. डॉलरची खूण ही खुंटी समजा. कोणतेही घर रंगवायचे असो, तारीख 'ए' रकान्यातच पाहायची, असे ती सांगते. त्यामुळे सबंध ओळ रंगते.

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारसाठी, रंग केशरी:

=अँड(वीकडे($ए२,२)=६,इझईव्हन(राउंडअप(डे($ए२)/७,०)))

यातली युक्ती सूनबाईच्या बोटांवरच्या हिशेबासारखीच आहे. तारखेला ७ ने भागून वरच्या पूर्णांकाला नेले की कितवा शनिवार ते कळते. ८ ते १४ दुसरा, २२ ते २८ चौथा. आकडा सम आला की सुटी. पुढे कधी सगळेच शनिवार सुटीचे झाले, तर ही दोन्ही सूत्रे काढून =वीकडे($ए२,२)>५ एवढे एकच पुरेल.

सणांच्या सुट्या मात्र वारावरून कळत नाहीत. बँकेत लावलेली सुट्यांची यादी पाहून त्या तारखा 'एच' रकान्यात लिहा आणि हे तिसरे सूत्र द्या:

=काउंटइफ($एच$२:$एच$३०,$ए२)>०

आठवडी बाजारालाही रंग देता येतो. बाजार मंगळवारी भरत असेल तर पहिल्या सूत्रात ७ च्या जागी २ लिहा आणि हिरवा रंग निवडा.

येथे चूक होते

रंग आलाच नाही तर आधी तारीख तपासा. खरी तारीख घरात उजवीकडे चिकटते. डावीकडे चिकटली असेल तर संगणक तिला नुसती अक्षरे समजतो आहे. काही संगणकांत महिना आधी आणि दिवस नंतर धरला जातो. तिथे ५/८ म्हणजे ५ ऑगस्ट नव्हे, ८ मे होतो आणि रंग भलत्याच वाराला बसतो. म्हणून पहिल्या चार-पाच तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेशी ताडून पाहाव्यात. रिकाम्या ओळी केशरी झाल्या तर घाबरू नका. रिकामे घर म्हणजे शून्य, आणि शून्याला एक्सेल शनिवार धरते! तारखा आहेत तेवढ्याच ओळी निवडल्या की झाले.

रंगाने कर्ज फिटत नाही, हे खरेच. पण मुदतीच्या आधी कामाचे दिवस किती उरले, हे तो एका नजरेत दाखवतो. मुदतीच्या तारखेपासून उलटे मोजा, रंगीत ओळी सोडून द्या, आणि त्याच्याही आधी चार कामाचे दिवस हाताशी ठेवा. चेक वटायलाही वेळ लागतो. मुदत सुटीच्या दिवशी संपत असेल तर दुसऱ्या दिवशी पैसे घेतील की नाही, हे शाखेत आधी विचारून ठेवा.

आमच्या घरी आता शीटमधला मार्च महिना छापून देवघराशेजारी लावलेला असतो. आबा चष्मा लावून केशरी ओळी मोजतात आणि सूनबाईला विचारतात, "अगं, यंदा पाचवा शनिवार आहे का?"