जाताना उशीर, येताना लवकर

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. लेकीकडे निघालेल्या आजी-आजोबांना जाताना विमानात साडेनऊ-दहा तास बसावं लागतं. परतीला मात्र साधारण तासभर आधीच मुंबई येते. अंतर तेच, मग हा तास वाचतो कुठे?

हवेत! विषुववृत्ताकडची हवा तापून वर चढते, ध्रुवाच्या दिशेने सरकते आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे पूर्वेकडे वळते. ९ ते १२ किलोमीटर उंचीवर तिचा वेगवान झोत तयार होतो. हाच जेट स्ट्रीम. हिवाळ्यात त्याला विशेष जोर असतो आणि विमानंही साधारण याच उंचीवरून उडतात. लंडनहून मुंबईला परतताना विमानही पूर्वेकडेच निघालेलं असतं.

नदीतली होडी आठवा. वल्ह्याचा जोर तोच, पण प्रवाहाबरोबर निघालं की काठ भराभर मागे पडतो. विमान हवेतून ताशी ९०० किलोमीटरने जातंय आणि हवाच ताशी १०० ने त्याच दिशेला निघालीय, तर जमिनीच्या हिशेबाने वेग १,००० होतो. वारा समोरून आला तर ८००.

समोरच्या सीटमागच्या पडद्यावर ‘ग्राउंड स्पीड’ दिसतो. मला तो नकाशापेक्षा बोलका वाटतो. डिसेंबरात परतताना तो आकडा हजारापल्याड गेला, की समजा, वारा पाठीशी आहे.