टोपीवरचा असईचा हत्ती

ब्रिटिश पलटणींच्या जुन्या बिल्ल्यांत पांढऱ्या धातूचा एक तारा आहे. मधोमध रणशिंग, त्याच्या वळशात ‘एचएलआय’ ही अक्षरं, वर मुकुट, तळाशी चिमुकला हत्ती. हत्तीच्या वरच्या फितीवर इंग्रजीत ‘असई’ कोरलेलं. बिल्ला स्कॉटलंडच्या हायलँड लाइट इन्फंट्रीचा, आणि असई आपल्या जालना जिल्ह्यातली! २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे आर्थर वेलस्लीची फौज शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी लढली. त्या लढाईत प्रचंड माणसं गमावलेल्या ७४व्या पलटणीला हत्तीचं मानचिन्ह मिळालं. १८८१ मध्ये ती आणि ७१वी पलटण एकत्र होऊन हायलँड लाइट इन्फंट्री झाली आणि हत्ती या नव्या पलटणीकडे आला.

बिल्ले ओळखताना १८८१ हे साल कळीचं. त्याआधी पायदळाच्या पलटणी क्रमांकाने ओळखल्या जात, नंतर बहुतेकांना परगण्यांची नावं मिळाली. म्हणून बटणावर नुसता ‘७४’ दिसला, तर ते साधारणपणे १८८१ पूर्वीचं.

पुढची खूण मुकुटाची. १९०१ ते १९५२ या राजांच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल असतात. एलिझाबेथ राणीच्या मुकुटात त्या मधोमध खाली दबलेल्या. व्हिक्टोरियाच्या मुकुटातही कमानी दबतात, त्यामुळे नवखे इथे हमखास फसतात.

अशा वेळी बिल्ला उलटा करावा. ठशात दाबून काढलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर समोरच्या नक्षीचे खोलगट उलटे उमटे दिसतात. ओतीव नकलेची पाठ बहुधा सपाट आणि दाणेदार असते. टोपीत अडकवायला मागे दोन कड्या किंवा उभी पट्टी असते. धातूही बोलतो. पहिल्या महायुद्धात एरवी दोन धातूंचे असणारे कित्येक बिल्ले नुसत्या पितळेत निघाले, दुसऱ्यात काही प्लॅस्टिकचे. चकाकत्या रंगीत ॲल्युमिनियमचा बिल्ला व्हिक्टोरियाच्या काळातला असूच शकत नाही. तो १९५० नंतरचा.

अधिकाऱ्यांच्या वस्तूंचा थाट वेगळा. समारंभी बिल्ले अनेकदा चांदीचे किंवा सोन्याचा मुलामा दिलेले, वेगवेगळे भाग जोडून घडवलेले. १९०२ नंतरच्या खाकी गणवेशावर मात्र काळपट कांस्याचे. चांदीवर नांगराचा छाप असेल तर तिची पारख बर्मिंगहॅमला झालेली, आणि शेजारच्या अक्षरावरून नेमकं साल काढता येतं. गळ्यातलं चंद्रकोरी ‘गॉर्जेट’ १८३० मध्ये बंद झालं, खांद्यांवरची झालरीची ‘एपॉलेट’ पायदळातून १८५५ मध्ये गेली.

या सगळ्या खुणा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. असईच्या हत्तीवर एलिझाबेथचा मुकुट असेल, तर तो बिल्ला फार थोड्या वर्षांतला, कारण ती गादीवर आली १९५२ मध्ये आणि १९५९ मध्ये हायलँड लाइट इन्फंट्री दुसऱ्या एका पलटणीसोबत विलीन झाली. तशा बिल्ल्याला कोणी पहिल्या महायुद्धातला म्हणून किंमत सांगत असेल, तर सौदा तिथेच थांबवावा.