मालट्रकचे चाक आणि हत्यारांची पेटी

कसाऱ्याच्या अगर खंबाटकीच्या घाटात चाक बसल्याने एका अंगाला कललेला, मालाने भरलेला ट्रक पाहिला नाही असा प्रवासी विरळा. परंतु त्या ट्रकभोवती वाकलेल्या चालकाची व क्लीनरची सुखरूपता त्यांच्या मनगटातील बळापेक्षा आसनाखालच्या पेटीतील सरंजामावर अधिक अवलंबून असते, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी येते.

दोन आसांच्या मालट्रकला २०१८ पासून एकूण १८.५ टन वजनाची मुभा आहे, पैकी ११.५ टन चार चाकांच्या मागच्या आसावर. म्हणजे पंक्चर झालेल्या अंगाला पावणेसहा टनांचा भार. तो उचलण्यास वीस टनी हायड्रॉलिक जॅक पुरतो, कारण लहान दट्ट्याने तेलावर दिलेला दाब मोठ्या दट्ट्याच्या विस्तृत पृष्ठावर अनेकपट बळ होऊन प्रकटतो. मात्र हे तेल झिरपू शकते. म्हणून जॅकखाली जाड फळी, आसाखाली लोखंडी घोडी आणि जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी उट्या, एवढा बंदोबस्त झाल्यावाचून गाडीखाली हात घालू नये. उटी म्हणून दगड लावले, तर निघताना ते रस्त्यावरून दूर करण्याची हयगय कदापि होऊ नये. रात्री अशाच दगडावर एखादा दुचाकीस्वार कोसळतो.

चाकाच्या दहा नटांपैकी प्रत्येक नट सुमारे ६०० न्यूटन-मीटर इतका आवळलेला असतो, म्हणजे मीटरभर लांबीच्या टॉमीच्या टोकाशी साठ किलोच्या मनुष्याने सारा भार टाकावा तितका. गंज चढला की याहून पुष्कळ अधिक जोर लागतो, आणि मग व्हीलपान्याला लांब नळी जोडून उड्या मारण्याचा प्रघात पडतो. त्यात पाना निसटून दात वा बरगडी मोडण्याचे भय असते. यावर उत्तम तजवीज म्हणजे दंतचक्रांचा टॉर्क मल्टिप्लायर : त्याची मूठ अनेकदा फिरवावी तेव्हा नट एक फेरा घेतो, पण एका हाताच्या सहज जोराने घेतो. नट प्रथम चाक जमिनीवर असतानाच किंचित ढिले करावेत.

जुन्या पद्धतीच्या, ट्यूब व लॉक रिंग असलेल्या चाकाबाबत मात्र नटाला पाना लावण्यापूर्वी व्हॉल्वची पिन काढून हवा पूर्णपणे सोडावी, आणि जोडचाके असल्यास दोन्हींची सोडावी. कारण आतील दाबाने निसटलेली रिंग गोळ्याच्या वेगाने सुटून मनुष्याचा प्राण घेते.

सुमारे शंभर किलोचे चाक छातीशी कवटाळून उचलण्याचे कारणच नाही. चाक जमिनीपासून बोटभर सुटेल इतकाच जॅक चढवावा आणि पहारीच्या तरफेने स्टेपनी बोल्टांच्या रेषेत आणावी. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, अखेरचा जोर टॉर्क पान्याने मोजून द्यावा, आणि पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर ते पुन्हा तपासावेत. नवे बसलेले चाक जागा धरताना नट ढिले पडतात.

हा सारा सरंजाम एका नव्या टायरच्या तुलनेत महाग नाही. गाडीचे परवाने व विम्याचे दस्तऐवज चोख ठेवणाऱ्या मालकाने पेटीतील जॅक, घोडी, पाना आणि उट्या यांची जबाबदारीही आपल्या शिरी घ्यावी, आणि त्या वस्तू पुऱ्या असल्याची खातरजमा झाल्याशिवाय चालकाला लांबच्या फेरीवर धाडू नये.