जखम घोट्यावर, दुखणं शिरेत

पायावरची न भरणारी जखम बहुतेकदा एका ठरावीक जागी असते. घोट्याच्या थोडं वर, आतल्या अंगाला. तिथे व्रण दिसला की जाणता डॉक्टर जखमेआधी पोटरी बघतो. भोवतालची कातडी तपकिरी-काळी पडली आहे का, हाताला टणक लागते का, खाजवून खाजवून ओरखडे उठले आहेत का, उभं केल्यावर मांडीपासून खाली शिरा फुगून वर येतात का. रोग्याची हकिगत वेगळीच असते. सायकलचं पॅडल लागलं, डास चावला, पलंगाचा कोपरा लागला, आणि तेव्हापासून भरतच नाही. त्याचं काही खोटं नसतं. पण पॅडल सगळ्यांनाच लागतं आणि बाकीच्यांची जखम आठवड्याभरात वाळते. याची का वाळली नाही, हा खरा प्रश्न. तो विचारायच्या आधीच मलम लिहून दिलं, की पुढची कित्येक वर्षं ड्रेसिंगमध्ये जातात.

ग्वाल्हेरमध्ये असे रोगी भरपूर. भिंड, मोरेना, दतियापासूनचा सगळा मुलूख उपचारासाठी याच शहरात येतो. शहराच्या लष्कर नावाच्या भागात, कंपूच्या बाजूला जुनं जयारोग्य रुग्णालय आहे आणि त्याला जोडून 1946 सालचं गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय. त्याच्या कितीतरी नंतर जिवाजी विद्यापीठाच्या आसपास सिटी सेंटर वाढलं. उच्च न्यायालयाचं खंडपीठ इथे, बँका इथे, खाजगी दवाखाने, सोनोग्राफीची आणि रक्ततपासणीची केंद्रंही इथेच. जुन्या शहरात आणि गावाकडे सगळं करून थकलेला माणूस शेवटी इकडे येतो. त्यातले बरेच जण उभ्याने काम करणारे असतात. कढईपुढचा हलवाई, चौकातला शिपाई, फळ्यापुढे आयुष्य काढलेल्या बाई, दुकानातला नोकर. उभं राहणं हा काही रोग नव्हे, पण शिरा मुळातच कमकुवत असतील तर तेच पायाला भोवतं.

या शहराच्या इतिहासात एक पाय प्रसिद्ध आहे. पानिपतच्या रणातून निघताना महादजी शिंद्यांच्या पायावर पाठलाग करणाऱ्या अफगाणाचा घाव बसला. राणेखान भिस्त्याने त्यांना उचलून आणलं म्हणून ते वाचले, पण पुढची तेहेतीस वर्षं, 1794 साली वानवडीला देह ठेवीपर्यंत, लंगडत चालले. त्या पायाचं कारण सगळ्या हिंदुस्थानाला ठाऊक होतं. घोट्यावरच्या व्रणाचं कारण मात्र आत, कातडीखाली असतं. ते शोधावं लागतं.

हृदयाकडून पायात रक्त येतं ते दाबाने येतं. परत वर जाताना मागून तो जोर उरलेला नसतो. वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकलं की पोटरी आवळते आणि खोल शिरेतलं रक्त वर सरकतं. ते खाली परतू नये म्हणून शिरांमध्ये ठिकठिकाणी झडपा असतात. माणूस नुसता उभा असतो तेव्हा घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या 80 ते 90 मिलिमीटरपर्यंत असतो. तो चालू लागला की हाच दाब 30च्या खाली उतरायला हवा. झडपा निकामी झाल्या, किंवा पूर्वी कधी शिरेत गुठळी होऊन त्या जळून गेल्या, तर चालूनही दाब उतरत नाही. रात्रंदिवस तुंबलेल्या त्या दाबाने बारीक केशवाहिन्या पाझरू लागतात. तांबड्या पेशी बाहेर येऊन फुटतात आणि त्यातलं लोह कातडीत साठतं. तपकिरी डाग पडतो तो यामुळे. पाय सुजतो, कातडीखालची चरबी कडक होते, आणि अशा उपाशी कातडीवर नखाएवढा ओरखडाही पुरतो.

म्हणजे दुखणं शिरेत, आणि जखम हा त्याचा शेवटचा टप्पा. मग उपाय कशाचा करायचा हे उघड आहे. बाहेरून दाब द्यायचा, इतका की आतला तुंबलेला दाब हटला पाहिजे. घोट्याला पाऱ्याच्या सुमारे 40 मिलिमीटर, आणि वर गुडघ्याकडे कमी कमी होत जाणारा. साध्या भाषेत, घट्ट पट्टी.

पण पट्टीआधी एक तपासणी झालीच पाहिजे, आणि इथे मला राहून राहून राग येतो, कारण तीच सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. पायाच्या धमन्या, म्हणजे शुद्ध रक्त आणणाऱ्या वाहिन्या, जर तुंबलेल्या असतील आणि आपण घट्ट पट्टी आवळली, तर आधीच कमी पडणारं रक्त आपण आपल्या हाताने बंद केलं. पाऊल काळं पडू शकतं. एकाला जीवदान देणारी पट्टी दुसऱ्याचा पाय घेते, आणि वरून दोन्ही जखमा अननुभवी डोळ्याला सारख्याच दिसतात.

ही तपासणी करणारं यंत्र हातात मावतं. छोटा खोका, त्याला वायरने जोडलेली पेनाएवढी कांडी, आणि आतून आवाज. ऑस्ट्रियाच्या ख्रिश्चन डॉप्लरने 1842 साली मांडलेलं तत्त्व त्यात आहे. वाहत्या रक्तावर आपटून परतणारा ध्वनी आपला स्वर बदलतो, तो कानाला ऐकू येतो. रोग्याला दहा मिनिटं आडवं पडू द्यायचं. दोन्ही दंडांचा रक्तदाब घ्यायचा. मग जखमेवर स्वच्छ प्लास्टिक गुंडाळून घोट्याच्या वर पट्टा बांधायचा, पावलाच्या पाठीवर आणि आतल्या घोट्यामागे जेल लावायचं, कांडी तिरकी टेकवायची. "काका, पाय सैल सोडा, बोलू नका." निरोगी धमनीचा ठोका तीन भागांत फुटल्यासारखा, टपटपीत येतो. आजारी धमनीतून एकच लांबट, दबका घरघराट येतो. पट्ट्यात हवा भरत जायची. आवाज बंद होतो. हळूहळू हवा सोडायची, आवाज परततो, तो आकडा टिपायचा. दोन्ही जागांपैकी मोठा आकडा घ्यायचा आणि त्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. दंडाला 140 आणि घोट्याला 126 आले तर उत्तर 0.9. पूर्ण दाबाची पट्टी बिनधास्त बांधा. उत्तर 0.8च्या खाली गेलं तर दाब कमी करायचा आणि तज्ज्ञाला विचारायचं. 0.5च्या खाली असेल तर पट्टीचं नाव काढायचं नाही, तो रोगी त्याच दिवशी धमन्यांच्या सर्जनकडे गेला पाहिजे. आणि 1.3च्या वर आलं तर खूश व्हायचं कारण नाही. मधुमेही माणसाच्या धमन्यांत कॅल्शियम बसून त्या दाबल्याच जात नाहीत, म्हणून आकडा खोटा चढतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात.

एवढं सगळं अर्ध्या तासाचं काम. त्यानंतर कलर डॉप्लर सोनोग्राफी करून कुठली झडप गळते आहे ते बघता येतं. पण पुष्कळ ठिकाणी क्रम उलटा असतो. महागडी चाचणी आधी होते, आणि पावलाची नाडी कोणी बोटाने चाचपलेलीही नसते.

आता पट्टी. जर्मनीत हॅम्बुर्गच्या पॉल उना या त्वचारोगतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जस्ताचा लेप लावलेली पट्टी रूढ केली. ती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयात 1980च्या दशकात चार थरांची पट्टी बसवली गेली. आधी कापसाचा मऊ रोल, मग क्रेप, मग ताणणारी पट्टी, आणि सगळ्यात वर स्वतःलाच चिकटून राहणारी. आपल्याकडे चार थरांचा तयार संच सगळ्यांना परवडत नाही. कापूस आणि दोन चांगल्या पट्ट्या घेऊनही काम होतं, पण बांधणाऱ्याचा हात शिकलेला पाहिजे.

हा हात बघण्यासारखा असतो. पाऊल नडगीशी काटकोनात धरलेलं. घोट्यामागच्या खोबणीत कापसाची घडी, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसेल. नडगीच्या हाडावरही कापूस, नाहीतर तिथे नवी जखम होते. सुरुवात बोटांच्या मुळापासून, घोट्यापासून नव्हे. टाच झाकली गेलीच पाहिजे. टाच उघडी ठेवली तर सूज तिथे जमते. पट्टी निम्मी ताणायची, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर चढवायचा, आणि गुडघ्याखाली दोन बोटं जागा सोडून थांबायचं. नीट बांधलेली पट्टी गव्हाच्या ओंबीसारखी एकावर एक तिरकी बसलेली दिसते. ताण खालपासून वरपर्यंत एकच ठेवायचा. घोटा बारीक, पोटरी जाड, म्हणून एकाच ताणाने घोट्यावर दाब जास्त आणि वर कमी आपोआप येतो. फ्रान्सच्या लाप्लासचा नियम इथे डॉक्टरच्या बाजूने काम करतो. घोट्याचा घेर 18 सेंटिमीटरहून कमी असेल तर मात्र आधी कापूस वाढवून तो जाड करायचा, नाहीतर तोच नियम उलटतो. शेवटी बोटांचा रंग बघायचा. मग सांगायचं, "काकू, आता चाला. बसून राहू नका." कारण पट्टीचं निम्मं काम पोटरी करते. झोपताना आणि बसताना पाय मात्र छातीच्या पातळीपेक्षा वर.

ही पट्टी आठवडाभर तशीच राहते. रोज उघडून पुसायची नसते. हे रोग्यांना पटत नाही आणि ड्रेसिंगवाल्यांनाही पटत नाही. रोज पिवळं औषध, हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस, खपली ओढून काढणं. यात नव्याने येणारं कोवळं लाल मांसच मरतं. अँटिबायोटिक मलमांनी भोवतालची कातडी बिघडते, कित्येकांना त्याचीच ॲलर्जी येते. जुन्या जखमेतून कापूस फिरवून तपासणीला पाठवला तर काही ना काही जंतू निघणारच. ते तिथे राहत असतात. ताप आला, लाली पसरत चालली, दुखणं एकदम वाढलं, तरच पोटातून औषध. घरचे उपायही थोडे नाहीत. हळद, चुना, तंबाखूची राख. जखम धुवायला साधं स्वच्छ पाणी पुरतं.

सगळ्याच जखमा शिरेच्या नसतात. बिडी ओढणाऱ्या तरुण माणसाच्या बोटाच्या टोकाला जखम झाली, पाय थंड पडला, रात्री कळ येऊन तो पाय पलंगाखाली लोंबता सोडून बसतो, तर तो बर्जरचा रोग असू शकतो. तिथे पहिलं औषध एकच, बिडी पूर्ण सोडणं. तळपायाला, न दुखणारी जखम असेल तर मधुमेह किंवा कुष्ठरोगाने संवेदना गेलेली असते. कडा उलटून वर आल्या, तीन महिने होऊन तसूभर फरक नाही, तर तुकडा काढून तपासलाच पाहिजे. वर्षानुवर्षांच्या व्रणात कर्करोग होतो हे फ्रान्सच्या मार्जोलँच्या नावाने शस्त्रक्रियेच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षात शिकवतात, आणि दवाखान्यात नेमकं तेच विसरलं जातं.

तळपायाच्या जखमेविषयी जगाला पुष्कळसं कळलं ते भारतातल्या कुष्ठरोग्यांमुळे. त्यांच्यासाठीच्या संस्था इथे जुन्या. मनोहर दिवाणांचं दत्तपूर 1936चं, शिवाजीराव पटवर्धनांचं अमरावतीचं तपोवन 1946चं, आणि बाबा आमट्यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती काढली त्यातून आनंदवन. कुष्ठजंतू पाय खातो असा समज तेव्हा सार्वत्रिक होता. वेल्लोरला सर्जन पॉल ब्रँड यांनी दाखवलं की संवेदना गेलेला माणूस एकाच जागेवर पुन्हा पुन्हा भार देतो, म्हणून जखम होते. भार काढला की ती भरते. प्लास्टरने सगळं पाऊल घट्ट वेढून भार वाटून टाकायचा ही पद्धत त्यांनी तिथे वापरली, 1966 साली अमेरिकेत कारव्हिलला गेल्यावर सोबत नेली, आणि आज जगभरचे मधुमेही त्यावर पाय वाचवतात. कारण हटवा, जखम आपली आपण भरते. शिरेच्या व्रणाचं सूत्रही तेच.

आता राहिला पुन्हा फुटण्याचा प्रश्न. पट्टीने जखम भरते, पण गळकी झडप तशीच असते. म्हणून जखम भरल्यावर रोज दाबाचे मोजे घालायचे, सकाळी पलंगावरून पाय खाली टेकायच्या आधी. साधारण सहा महिन्यांनी त्यांची ताकद जाते, नवे घ्यावे लागतात. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पारा 45च्या घरात जातो तेव्हा गुडघ्यापर्यंत घट्ट मोजे घालून हलवायाच्या कढईपुढे उभं राहून बघावं. लोक मोजे काढून टाकतात, आणि पावसाळ्यात जखम परत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा गळक्या शिरेचाच बंदोबस्त करावा. ब्रिटनमधल्या 2004च्या एका मोठ्या अभ्यासात पट्टीबरोबर शिरेचं ऑपरेशन केलेल्यांत वर्षभरात 12 टक्के जणांची जखम परत आली, नुसत्या पट्टीवाल्यांत 28 टक्के जणांची. 2018 साली तिथेच 450 रोग्यांवर दुसरा अभ्यास झाला. लेझरने किंवा तत्सम उपायाने गळकी शीर जखम भरण्याची वाट न बघता दोन आठवड्यांतच बंद केली, तर जखम भरायला सर्वसाधारणपणे 56 दिवस लागले, उशिरा केली तर 82. जखम आधी सुकू द्या, मग ऑपरेशनचं बघू, हा सल्ला त्यानंतर टिकत नाही. शीर लेझरने बंद करायला भूलही बहुधा जागेपुरतीच लागते आणि रोगी त्याच दिवशी पट्टी बांधून चालत घरी जातो.